पाठ सूर्याकडे

ग्रहण बघायला निघालेल्या तुकडीत एक माणूस असा लागतो, ज्यानं ग्रहण बघायचं नसतं. त्याच्या हातात घड्याळ असतं आणि खग्रास अवस्थेचे किती सेकंद उरले ते त्यानं ओरडून सांगायचं असतं. बाकीच्यांचे डोळे दुर्बिणीला आणि बोटं कॅमेऱ्यावर. घड्याळाकडे बघायला कुणालाच सवड नसते. आमच्या तुकडीत तो माणूस मी होतो.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली. मुलं मला मामा म्हणत. पुढं पुढं प्राध्यापकही मामाच म्हणू लागले. वेळ पुकारण्याचं काम माझ्याकडे आलं ते काही खगोलशास्त्राच्या ज्ञानामुळं नव्हे. आवाज खणखणीत, स्टॉपवॉच हाताळायची सवय, आणि दिलेलं काम सोडून भलतीकडे न बघण्याचा स्वभाव, एवढ्यावर तुकडी नेणाऱ्या सरांनी मला निवडलं. यातला तिसरा गुण वाटतो तेवढा सोपा नाही. भर दिवसा अंधार पडतो, एरवी शहाणी असणारी माणसं किंचाळायला लागतात, एखाद्याला रडू फुटतं, आणि आपण मात्र काट्यावरची नजर काढायची नाही.

पहिलं ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. चंद्राच्या सावलीचा पट्टा अरबी समुद्रावरून येऊन कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्याला लागला आणि हुबळी, रायचूर करत पुढं ओरिसाकडे गेला. हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत मोठमोठे शास्त्रज्ञ यंत्रं मांडून बसले होते. आम्ही आपले अंकोल्याजवळच्या एका माळावर. पुण्याहून निघताना वाड्यातल्या बायका म्हणाल्या, ‘वेध पाळायचे सोडून ग्रहणाच्या तोंडात कुठं निघालात?’ त्या दुपारी मुंबईचे रस्तेसुद्धा ओस पडले होते, हे नंतर कळलं. खंडग्रास ग्रहणाला घाबरून माणसं दारं-खिडक्या लावून बसली होती.

दुपारचे साडेतीन वाजून गेलेले, सूर्य समुद्राच्या अंगाला. सरांनी मला त्याच्याकडे पाठ करून बसवलं, तोंड पूर्वेला. घड्याळावर ऊन पडून काच चमकू नये हे एक कारण, आणि मोह नको हे दुसरं. अंधार मागून आला. माळावरचं गवत राखी दिसायला लागलं, माझी स्वतःची सावली आधी कडक झाली आणि मग नाहीशी झाली. सर ओरडले, ‘काढा!’ सगळ्यांनी भिंगांवरचे फिल्टर काढले, मी घड्याळाचा खटका दाबला आणि मोजायला लागलो. समोर सह्याद्री होता. आम्ही अंधारात आणि घाट अजून पिवळ्या उजेडात, असे काही सेकंद गेले. मग तो उजेडही डोंगरावरून मागं मागं सरकत गेला आणि विझला. चंद्राची सावली माझ्या डोक्यावरून पुढं निघून चालली होती. ती जाताना बघणारा आमच्यात मी एकटाच होतो. बाकी सगळे वर बघत होते.

अडीच मिनिटांच्या आसपास तो अंधार टिकला. परतीच्या एसटीत सगळे एकमेकांना सांगत होते, मी ऐकत होतो. त्या वेळी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा सर शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘मामा, तुमचं काम नवं नाही. विजयदुर्गावर खलाशांनी केलंय ते.’

ती हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण आपल्याकडे ती चुकीची सांगितली जाते. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत. तिथून नॉर्मन लॉकियर यानं १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असं कुणीही सांगेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली याच भागातून पूर्वेकडे गेली हे खरं, पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याशी जुळेना, तिचं नाव पुढं हेलियम पडलं. विजयदुर्गला लॉकियर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तो आला ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेच्या मदतीनं, आणि त्या बोटीवरचे खलाशी त्यानं तालीम देऊन यंत्रांवर उभे केले. कुणी काचा बदलायला, कुणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाची आकृती काढायला, कुणी वेळ पुकारायला. दर्यावर्दी माणसं; हुकूम झाला की तेवढंच करायची सवय. शास्त्रज्ञांपेक्षा अशी माणसं या कामाला बरी, असं माझं मत आहे.

त्याच दिवशी ती सावली पुढं सोलापूरच्या बाजूला जेऊरवरून गेली. करमाळा तालुक्यातलं हे जेऊर, आजही पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. तिथं कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तळ देऊन होता आणि आपल्या पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला होते. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवत, आणि भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सांभाळत. तो काळ पुण्यात प्लेगचा. तशा दिवसांत या गृहस्थांनी यंत्रं बांधून जेऊरला नेली, वेध घेतले, त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. पुढं १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. १८९८ च्या त्याच ग्रहणात विदर्भातल्या तळणीला ॲनी माँडर या बाईंनी एका लहानशा कॅमेऱ्यानं प्रभामंडलाचा इतका लांब झोत पकडला, की तोवर कुणाच्याच छायाचित्रात तसा आला नव्हता. एका दुपारी कोकण, सोलापूर, विदर्भ. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं.

मला विचाराल तर खरी नोकरी मी केली ती १९९५ ला.

२४ ऑक्टोबर, दिवाळीतली अमावास्या. सकाळी साडेआठच्या सुमाराला खग्रास, आणि आम्ही निवडलेल्या जागी ते जेमतेम पन्नास सेकंदांचं. पूर्वेला, डायमंड हार्बरला, ते जास्त टिकणार होतं. पण ऑक्टोबरात राजस्थानचं आकाश भरवशाचं, म्हणून सरांनी नीम का थाना परिसर धरला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा तळही त्याच भागात होता.

पन्नास सेकंदांत काय काय करायचं असतं ते ऐका. प्रभामंडल सूर्याच्या कडेशी बरंच तेजस्वी असतं आणि बाहेर जाताना झपाट्यानं मंदावतं. आतलं टिपायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, बाहेरचं टिपायला एक-दोन सेकंद लागतात. म्हणजे दर वेळी शटरचा वेग बदलायचा, फिल्म हातानं पुढं सरकवायची, धक्क्यानं थरथरलेला तिपाया शांत होऊ द्यायचा, मग केबल दाबायची. पन्नासातले निम्मे सेकंद थरथर थांबण्याची वाट बघण्यात जातात. आणि शेवटी, सूर्याची कड बाहेर पडायच्या आत फिल्टर परत बसवायचा. डोळा असो की फिल्म, त्या एका क्षणी उशीर चालत नाही.

गणपती झाले आणि महाविद्यालयाच्या गच्चीवर कवायत सुरू झाली. रोज संध्याकाळी, एका दिव्याला सूर्य मानून. मी पुकारायचो, मुलं खटके दाबायची. एक-एक आकडा पुकारायचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस म्हणता म्हणता सेकंद संपतो आणि जीभ अडखळते. मग पाचापाचाच्या टप्प्यानं पुकारायचं आणि शेवटचे दहा सलग, असं ठरलं. एक मुलगा म्हणाला, ‘मामा, तुमचा आवाज कॅसेटवर भरून ठेवू, म्हणजे तुम्हालाही बघता येईल.’ चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. पण चंद्राची कड काही वाटोळी गुळगुळीत नाही, तिच्यावर डोंगरदऱ्या आहेत. आपली जागाही सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर पट्टी धरून काढलेली. गणितात आणि आकाशात दोन-तीन सेकंदांचा फरक पडू शकतो, आणि कॅसेटला ते कळत नाही. माणूस लागतो तो एवढ्यासाठी, की सर ‘काढा’ म्हणतील त्याच क्षणी मोजणी सुरू व्हावी.

कवायतीच्या शेवटी शेवटी मुलं अंधारात, डोळे मिटून फिल्म बदलायला लागली. नवा रोल आधीच भरून ठेवायचा, छत्तिसावा फोटो खग्रासच्या मधोमध आला तर सगळं संपलं, हे त्यांच्या अंगात भिनलं. ग्रहण एका मिनिटाचंही नव्हतं, पण ती मुलं कायमची नीटनेटकी झाली. प्रयोगशाळेत त्यांची टेबलं मला पुन्हा कधी आवरावी लागली नाहीत.

नीम का थाना परिसरातल्या एका गावात, शाळेच्या आवारात आम्ही उतरलो होतो. पहाटे थंडी, भिंगांवर दव. ट्रान्झिस्टरवर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळसंकेत लावला होता. दर सेकंदाला एक टिक. त्याच्याशी मी घड्याळं जुळवली. चहावाल्यानं ग्रहण सुटेपर्यंत चूल पेटवायला साफ नकार दिला. घराघरांत पाण्याच्या माठांवर दर्भाच्या काड्या ठेवलेल्या, आपल्याकडे तुळशीपत्र ठेवतात तशा. बायका बाहेर आल्या नाहीत. पोरं मात्र आली. सरांनी त्यांच्यासाठी वेल्डिंगच्या चौदा नंबरच्या काचा आणल्या होत्या, त्या हातोहात फिरल्या.

आवारात एक कडुनिंब होता. ग्रहण लागून वेळ झाला तसे त्याच्या पानांमधल्या फटींतून जमिनीवर पडलेले उन्हाचे ठिपके चंद्रकोरीच्या आकाराचे झाले. शेकड्यांनी कोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्या बघितल्या आणि तो चपला काढून बाजूला उभा राहिला. त्यांच्यावर पाय द्यायला त्याचं मन होईना.

मी नेहमीप्रमाणं सूर्याकडे पाठ करून बसलो. सकाळची वेळ, त्यामुळं या खेपेला तोंड पश्चिमेला. आणि इथंच एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. दुपारच्या ग्रहणात वेळ पुकारणाऱ्याला ती जाताना दिसते, सकाळच्या ग्रहणात ती त्याच्या तोंडावर येते. समोर अरवलीच्या टेकड्या होत्या. वळवाचं आभाळ चढतं तसा पश्चिमेला क्षितिजापाशी काळेपणा उठला. फक्त त्याला गडगडाट नव्हता आणि वेग पावसाच्या ढगाचा नव्हता. टेकड्या एकामागून एक त्यात गेल्या. पुढ्यात अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर बारीक, नागमोडी, अंधूक पट्टे सरपटायला लागले. हे छायापट्टे. सूर्याची अगदी बारीक कोर उरली की तिचा उजेड हवेच्या हलत्या थरांतून येताना असा डळमळतो. फोटोत ते धड येत नाहीत, आणि वर बघणाऱ्याला तर दिसतच नाहीत.

‘काढा!’

पन्नास. मागं कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. पंचेचाळीस. शटरांची खटखट सुरू झाली. कुठंतरी मोर ओरडले. चाळीस, पस्तीस. चादर, माझे हात, घड्याळाची तबकडी, सगळं जस्ताच्या रंगाचं. क्षितिजावर मात्र नारिंगी उजेडाची कड. तीस. ज्या पोराला आम्ही सगळ्यांत धीट समजत होतो तो कॅमेऱ्यावरचा हात काढून नुसता उभा होता. मी त्याचं नाव घेऊन हाक मारली आणि पुढचा आकडा पुकारला. वीस. पंधरा. दहा, नऊ, आठ. ‘लावा!’ सरांचा आवाज माझ्या ‘तीन’वर आला. चंद्राच्या कडेवरच्या कुठल्याशा दरीतून सूर्य गणितापेक्षा आधी डोकावला होता. मागं टाळ्या, हुंदके, राजस्थानी आणि मराठीत एकच गलका. माझ्यासमोर टेकड्यांवर ऊन परत येत होतं.

मी बघितलं का? नाही. माझ्यापुढं अजून काम होतं, आणि ते काम म्हणजे माझ्या वाट्याचं ग्रहण.

पुण्याला आल्यावर रोल धुतले आणि अंधाऱ्या खोलीत शिरलो. तिथं मी एकटा राजा. लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत उभं राहिलं, की आधी काहीच नसतं. मग चंद्राच्या तबकडीभोवतीचं आभाळ काळवंडायला लागतं आणि पांढरं प्रभामंडल मागं उरतं. पण एका कागदावर ते सगळं मावत नाही. कडेजवळचं दाखवावं तर बाहेरचे झोत काळोखात बुडतात. झोत दाखवावेत तर कडेजवळ नुसता पांढरा डाग. त्यावर उपाय हाताचा. पुठ्ठ्याला भोक पाडून तो एन्लार्जरच्या उजेडात धरायचा, आतल्या भागाला जास्त प्रकाश द्यायचा, आणि भोकाची कडा उमटू नये म्हणून पुठ्ठा सतत खाली-वर हलवत राहायचा. किती वेळ, ते ज्याच्या त्याच्या हाताला कळतं.

आता प्रश्न असा, की बरोबर कुठलं? मी तर बघितलेलं नाही. मग मुलांना बोलवलं. एक म्हणाला, झोत दोन्ही बाजूंना असे लांबवर गेले होते. दुसरी म्हणाली, एवढे नव्हते, पण वरच्या-खालच्या बाजूला बारीक केसांसारख्या रेषा होत्या. तिसऱ्याला चंद्र निळसर आठवत होता. छायाचित्रण येण्याआधी शास्त्रज्ञ प्रभामंडलाची चित्रं हातानं काढत. एकाच जागेवरून एकाच ग्रहणाची काढलेली चित्रं एकमेकांशी जुळत नसत, हे सरांनी सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी प्रिंटमागून प्रिंट काढत गेलो. शेवटी एका प्रिंटपुढं सगळी पोरं गप्प झाली आणि मी तिथं थांबलो. ते प्रिंट विभागात बरीच वर्षं भिंतीवर होतं. त्याच्या शेजारी अंकोल्याचं होतं. १९८० ला सूर्यावर डागांचा भर होता, म्हणून प्रभामंडल चहूबाजूंनी सारखं पसरलेलं. १९९५ ला सूर्य शांत, म्हणून झोत विषुववृत्ताच्या बाजूंना ताणलेले आणि ध्रुवांकडे ते बारीक केस. मुलांनी सांगितलेलं बरोबर होतं. पुढच्या मुलांना सौरचक्र शिकवताना सर त्या दोन चित्रांखेरीज काही वापरत नसत.

११ ऑगस्ट १९९९ ला कच्छात संध्याकाळचं ग्रहण ढगांनी खाल्लं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२२ जुलै २००९ चं मात्र सांगतो. या शतकातलं सगळ्यांत लांब ग्रहण. पॅसिफिकमध्ये ते साडेसहा मिनिटांहून जास्त होतं, आमच्या वाट्याला सुरतजवळ तीन मिनिटांच्या वर. जुलै महिना, भल्या सकाळची वेळ. बिहारात तारेगणाला हजारो माणसं जमली होती, तिथंही ढग. आमच्याकडे भुरभुर पाऊस. यंत्रांवर प्लास्टिक घालून सगळे छत्र्या धरून उभे. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आले होते. वेळ जवळ आली तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ढगांनी सगळ्यांची यंत्रं बंद पाडली होती, माझं घड्याळ सुरू होतं. मी पुकारलं. अंधार पडला, तोही गच्च, ढगांमुळं आणखी काळा. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळी तुकडी माझ्याबरोबर जमिनीवर बघत होती. भिजलेला रस्ता काळा झाला, शेतातले बगळे उठून झाडांवर गेले, लांबच्या वस्तीत दिवे लागले. मग पश्चिमेकडून उजाडत आलं. सूर्योदय होऊन गेल्यावर पश्चिमेकडून उजाडताना तुम्ही कधी बघितलंय? मुलं हिरमुसली होती, त्यांना मी ते दाखवलं.

आता फोनवर ॲप आहे. ते जागा स्वतःच ओळखतं, चंद्राच्या डोंगरदऱ्यांसकट सेकंद काढतं आणि बाईच्या आवाजात इंग्रजीतून पुकारतं. माझी जागा गेली, आणि ती गेली हे बरंच झालं. कुणाचं तरी ग्रहण वाचलं. पण कवायतही गेली, ते मात्र बरं नाही. हल्ली लोक लाखाचा कॅमेरा घेऊन येतात आणि अंधार पडल्यावर मेनू शोधत बसतात. त्यांनी ना वर बघितलेलं असतं, ना खाली.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसणार आहे. पावसानं उघडीप दिली तर महाराष्ट्रातून त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास दिसेल. भारतातून खग्रास दिसायला २० मार्च २०३४ पर्यंत थांबावं लागेल. तेव्हा सावली काश्मीर आणि लडाखच्या भागातून जाईल. जाणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. पहिलीच वेळ असेल तर कॅमेरा घरी ठेवा. तुकडी करून जाणार असाल तर महिनाभर गच्चीवर कवायत करा, आणि ॲप असलं तरी वेळ पुकारायला एक माणूस ठेवा; मार्चमध्ये त्या थंडीत फोनची बॅटरी दगा देईल. आणि तो माणूस निवडताना एवढं बघा, की त्यानं आधी एकदा तरी खग्रास डोळे भरून बघितलेलं असावं.